अशोकरावांचे बूट

लोक आदिलाबादकडे धबधबा पाहायला जातात, सागाचं जंगल पाहायला जातात, हिवाळ्यात कोणी जत्रेला जातं. मी बूट पाहायला गेलो. तेही दुसऱ्याचे, वापरलेले. आणि ज्यांचे होते ते गृहस्थ वारून काही वर्षं झालेली.

आमच्या घरी याचं आता कोणाला नवल वाटत नाही. नागपुरात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. शहाणा दुकानदार दर्शनी भागात नवा माल मांडतो. मी तिथं काचेचं कपाट ठेवलं आहे आणि त्यात जुने बास्केटबॉलचे बूट आहेत, खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात घातलेले. मोठ्या नावांचे नाहीत. मोठ्या नावांच्या बुटांवर मोठी माणसं टपलेली असतात. माझ्याकडे कारखान्यांच्या, कॉलेजांच्या, पोलिसांच्या संघांत खेळून गेलेल्या आणि नंतर कोणाच्या लक्षात न राहिलेल्या माणसांचे बूट आहेत. बायको म्हणते, "लोक पादुका पुजतात, तुम्ही घामट बूट पुजा." तिचंही चुकत नाही. उन्हाळ्यात कपाट उघडलं की गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकतं.

जमवण्यापेक्षा मला ओळखण्याचा नाद अधिक. चालून झिजलेला बूट टाचेकडून झिजतो. खेळून झिजलेला अंगठ्याखाली झिजतो, कारण खेळाडू एक पाय रोवून त्याच्यावर गर्रकन वळतो. आतल्या तळव्यावर बोटांच्या खाचा पडतात, घामाचं मीठ कापडावर पांढऱ्या रेघा ओढतं आणि शिवणीत त्या मैदानाची माती जाऊन बसते. सामन्याचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. मग एकेक सुरकुती, एकेक डाग फोटोशी जुळवून पाहायचा. लबाड लोक नवा बूट फरशीवर घासतात, चहाच्या पाण्यात बुडवतात आणि 'फायनलमध्ये घातलेला आहे' म्हणून घेऊन येतात. त्यांना मी दारातूनच ओळखतो, असा माझा समज आहे. म्हणून लांबलांबचे लोक मला बूट तपासायला पाठवतात, आणि प्रत्येकाला मी पहिली सूचना देतो की बाबा, काहीही कर पण बूट धुऊ नकोस. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणेन.

ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर माणसांचा सागर लोटतो, त्या दिवसांत प्रज्ञा दुकानात आली होती. आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूरकडच्या एका गावात ती शाळेत शिकवते. आपल्या सीमेला अगदी लागून. मुलं मराठी शाळेत आणि सरकारी आदेश तेलुगूत, अशी तिची नोकरी. शाळेसाठी बॉल घ्यायला आली आणि कपाटासमोर उभीच राहिली.

"माझ्या बाबांचे पण आहेत असे," ती म्हणाली. "बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत होते. खाणीच्या टीममधून खेळायचे. आईनं पेटीत ठेवलेत." मग थोडी घुटमळून म्हणाली, "इथं ठेवले तर खाली नाव लिहिता का, सर?"

"लिहितो की. पण आधी तपासावे लागतील."

"तपासा ना. गावात बाबांना खाणीतले अशोकराव म्हणूनच ओळखतात. खेळाडू होते असं कोणालाच माहीत नाही. मी त्यांना खेळताना पाहिलं नाही. मी फार लहान होते."

तिला हवं होतं ते एवढंच. काचेआड बाप असावा आणि खाली त्याचं नाव असावं. मला काय हवं होतं ते सांगायला नकोच. खाणकामगारांच्या संघातला एकही बूट माझ्याकडे नव्हता.

बेल्लमपल्ली

आधी फोटो, मग बूट, असा माझा शिरस्ता आहे. म्हणून सरळ आदिलाबादला न जाता मी आधी रेल्वेनं बेल्लमपल्लीला उतरलो. अशोकरावांबरोबर खेळलेले मल्लय्या तिथं अजून राहतात, त्यांचा पत्ता प्रज्ञानंच दिला होता. स्टेशनवर स्कूटर घेऊन ते स्वतः आले होते. उंच, वाळलेले, केस काळेभोर रंगवलेले. त्यांना मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही; दोघांनी हिंदीची अब्रू घेत दिवस काढला.

"अशोक के बूट होना बोले ना तुम?" स्कूटर चालवताना मागं मान वळवून ते ओरडले. "वो बूट कायको होना? उसका पाँव होना था!"

खाणकामगारांच्या क्वार्टरांच्या ओळीच ओळी. एकसारखी घरं, पण रहिवाशांनी प्रत्येकाला आपला चेहरा दिलेला. कुठं निळा दरवाजा, कुठं दारात जास्वंद, कुठं पत्र्याची पडवी वाढवलेली. मल्लय्यांच्या घरात भिंतीवर देवांच्या तसबिरी एका ओळीत होत्या आणि त्याच ओळीत, बालाजीच्या शेजारी, बास्केटबॉलचा फोटो होता. त्यालाही हार घातलेला.

जेवायला भात, आमटी आणि गोंगुरा. पहिल्या घासाला कळलं की ही तर आपली अंबाडी! आपण ती भाकरीबरोबर खातो आणि वर कच्चं तेल घेतो. इथं ती लाल मिरचीत वाटून लोणच्यासारखी करतात आणि गरम भातात तूप घालून कालवतात. माझे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मल्लय्यांच्या पत्नी मात्र पळी पुढं करून "इंका कोंचेम?" विचारत राहिल्या. त्याचा अर्थ कळायला भाषा लागत नाही. मीही नको म्हणू शकलो नाही, हा माझा जुना आजार.

जेवण झाल्यावर मल्लय्यांनी हार बाजूला करून फोटो खाली काढला. कोणत्या तरी फायनलचा. रंग उडालेला, पण साफ. अशोकराव हवेत होते. बॉल बोटांच्या टोकांवर, डावा पाय कॅमेऱ्याकडं. मी खिशातलं भिंग काढलं आणि माझ्या अंगावर काटा आला. डाव्या बुटाचा वरचा भाग करंगळीपाशी तळव्यापासून सुटला होता आणि जाड काळ्या दोऱ्यानं वेडावाकडा शिवला होता. शिवणही कशी, तर तीनदा एकमेकांवरून गेलेली फुली. अशी खूण जगात दुसऱ्या बुटावर असणं शक्य नाही.

"मोची नै सिया वो," मल्लय्या म्हणाले. "अशोक खुदीच सिया. बोरे का सुई रहता ना, उससे."

दाभणानं शिवलेला बूट! मी फोटोचे फोटो काढून घेतले आणि आम्ही त्यांचं जुनं मैदान पाहायला निघालो. क्वार्टरांच्या मागं ते सिमेंटचं मैदान अजून आहे. एका बाजूची रिंग गेली आहे, दुसरीची वाकली आहे आणि मधल्या वर्तुळात कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. कोपऱ्यावरच्या गाडीवरून मिरची बज्जी घेऊन आम्ही कठड्यावर बसलो. तिथूनच मी प्रज्ञाला फोन लावला. म्हटलं, मॅडम, डाव्या बुटाचा करंगळीकडच्या बाजूनं एक फोटो पाठवा आणि एक तळव्याचा.

थोड्या वेळानं फोटो आले. बूट काळाकुट्ट. शिवणींत कोळशाची भुकटी, तळव्याला सुकलेला चिखल. फुली कुठं दिसेना. मी परत फोन केला.

"शिवण दिसत नाही हो काही. तळवाही कळत नाही. नुसती मातीच माती आहे सगळी," मी म्हणालो. तोंडात बज्जी होती, हेही सांगून टाकतो.

"बरं सर," ती म्हणाली, "पाहते मी."

"परवा येतोच आहे मी," असं म्हणून मी फोन ठेवला.

मल्लय्यांना विचारलं, बूट इतके काळे कसे? तेव्हा ते हसले. त्यांच्या टीमचा नेम होता की स्पर्धा सुरू झाली की बूट धुवायचे नाहीत. धुतले की नशीब वाहून जातं. जिंकल्यावर मात्र सगळ्यांनी नळावर बसून एकदमच धुवायचे, हसतखिदळत, एकमेकांवर पाणी उडवत. त्या फायनलला शेवटचा बॉल मल्लय्यांच्याच हातून बाहेर गेला आणि ते हरले. परतताना अशोकराव म्हणाले, असू द्या, पुढच्या वर्षी जिंकू, तेव्हाच धुऊ. पुढच्या वर्षी टीम राहिली नाही. खाणीतला कोळसा संपत आला, माणसं इकडंतिकडं पाठवली गेली. मल्लय्यांनी आपले बूट केव्हाच फेकले. अशोकरावांनी आपले मात्र न धुता तसेच ठेवले.

"वो जिद्दी था. बोला मतलब बोला," मल्लय्या म्हणाले आणि मिरच्यांकडं पाहत राहिले.

मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण खरं सांगायचं तर मी आतून नाचत होतो. कधीच न धुतलेले बूट! शेवटच्या सामन्याचा घाम, त्याच मैदानाची काळी भुकटी, आणि वर ती फुली. असं घबाड माझ्यासारख्याच्या नशिबी जन्मात एकदा येतं. त्या संध्याकाळी माझ्या फोनला चार्जिंग होतं, रेंज होती, बोलायला जीभ होती. नव्हती ती फक्त अक्कल. एक फोन करून ते झोपेत म्हणता येणारं वाक्य म्हणायचं होतं, ते मी म्हटलं नाही.

आदिलाबादच्या वाटेवर

बेल्लमपल्लीहून आसिफाबादला आणि तिथून घाटातून आदिलाबादला, अशा दोन बसगाड्या बदलल्या. तेलंगणात बायकांना साध्या बसला तिकीट नाही. त्यामुळं सगळ्या जागांवर बाया, टोपल्या, कोंबड्या, लेकुरवाळ्या सुना आणि त्यांच्या सासवा. आणि पैसे मोजून तिकीट काढलेले आम्ही पुरुष दांड्याला लोंबकळत उभे. एका आजीनं माझी दया येऊन माझी पिशवी मांडीवर घेतली. तीत भिंग, टॉर्च आणि मोजपट्टी होती. भिंग बाहेर डोकावताच तिनं ते काढून आपल्या तळहाताच्या रेषा पाहिल्या, शेजारणीला दाखवल्या, आणि मग ते भिंग बसभर फिरून आसिफाबादच्या अलीकडं परत आलं.

पुढचा घाट मात्र सुरेख आहे. सागाची मोठी पानं थंडीनं करपून तपकिरी झालेली, मधूनच एखादा गोंड पाडा, सारवलेल्या भिंती, अंगणात वाळत घातलेली मोहरी. गाडी वळणं घेत होती आणि मी मनातल्या मनात कपाटातल्या बुटांची मांडणी बदलत होतो. अशोकरावांचे बूट मधल्या खणात ठेवायचे, दिव्याखाली, असं मी ठरवूनही टाकलं.

आदिलाबादला थंडी म्हणजे थंडी. सकाळी लॉजवाल्यानं अंघोळीला पाणी दिलं ते गरम होतं असं तो म्हणाला. बाजारात कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे झुबके अडकलेले. भीमपूरची बस गेलेली होती म्हणून मी रिक्षात बसलो. रिक्षा भरल्याशिवाय निघत नाही हा नियम नागपूरकडेही आहे, पण 'भरणे' या शब्दाची कल्पना इकडं जरा उदार आहे.

माझ्या मांडीवर अर्धा बसलेला शेतकरी पिशवीतली मोजपट्टी पाहून म्हणाला, "साहेब, बियाणं तपासाले आले काय?"

"नाही हो. बूट तपासायला आलो."

"बूट?" त्यानं रिक्षातल्या सगळ्यांना ऐकवलं. "आयका बाप्पा! आमचं बियाणं उगून नाई राह्यलं, अन् सरकार बूट तपासून राह्यलं!"

रिक्षा हसली, मीही हसलो. त्या हसण्यापर्यंत हा प्रवास माझ्या आयुष्यातल्या उत्तम प्रवासांपैकी एक होता.

भीमपूरच्या पुढं

गाव पैनगंगेच्या बाजूला. दोन्हीकडं कापूस, मधूनच ज्वारीचा पट्टा. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणा, आणि बोली दोन्हीकडं तीच. प्रज्ञाचं घर गावाच्या टोकाला आहे. लहान, पक्कं, निळ्या रंगाचं. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती आणि अशोकरावांचा एक पासपोर्टचा फोटो मोठा करून लावलेला. त्या फोटोत ते कारकुनासारखे दिसत होते. हवेत उडालेला माणूस तो हाच, हे मला पटायला वेळ लागला.

"जय भीम, दादा. या, बसा," प्रज्ञाच्या आई म्हणाल्या. शांताबाई. सावळ्या, ठेंगण्या, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. "थंडी लय हाये. च्या घेता का आदी जेवता?"

मी आल्याआल्या बुटांचा विषय काढणार होतो, पण त्यांनी ताट वाढलंच. ज्वारीची गरम भाकरी, ठेचा, आणि काय योग पाहा, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. मी त्यांना मल्लय्यांच्या घरच्या गोंगुऱ्याचं सांगितलं. त्या हसल्या.

"मल्लय्यायची बायको मलेबी तसंच खाऊ घाले. बेल्लमपल्लीत पंधरा दिवस माह्या तोंडाची आग व्हये. मंग तेच गोड लागाले लागलं." मग म्हणाल्या, "फोटो आणला म्हने तुमी?"

मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी हात पदराला पुसले आणि फोन दोन्ही हातांत धरला. "एवढे वर उडत होते?" त्यांनी विचारलं. "मी पाहाले गेली नाई कदी. बायका जात नोत्या."

प्रज्ञा आत गेली आणि पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. ते तिनं माझ्यासमोर पाटावर ठेवलं. बूट पाटावर! तिचे डोळे चमकत होते. मी चष्मा पुसला, भिंग काढलं, आणि तिनं गाठ सोडली.

बूट पांढरेशुभ्र होते.

मला आधी वाटलं, दुसरेच आणले. मग साबणाचा वास आला. कोळशाची भुकटी नव्हती, चिखल नव्हता, मिठाच्या रेघा नव्हत्या. काथ्यानं घासून, उन्हात वाळवून, शाळेच्या मुलांच्या बुटांना लावतात ते पांढरं पॉलिश लावलेलं होतं. नाड्यासुद्धा नव्या.

"आता दिसते का शिवण, सर?" प्रज्ञानं विचारलं.

मी बोलायच्या आत शांताबाई पुढं झाल्या. त्यांनी एक बूट उचलला, नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"धुतले काय व?"

"हो आई. काल तू कापूस वेचाले गेली तवा."

"काऊन?"

"सर म्हणाले, मातीच माती आहे. काही दिसत नाही म्हणाले." प्रज्ञाचा आवाज खाली आला. "पाहुण्याच्या हाती मळके बूट कसे देऊ, आई? आपल्या घरचे बूट हायेत ते."

मग ती माझ्याकडं वळली. तिचे आजोबा याच गावात सालदार होते. मोठ्या घरांपुढून जाताना त्यांना पायातले जोडे काढून हातात घ्यावे लागत. तिचे बाबा खाणीतून पहिल्यांदा गावात आले ते हेच बूट घालून, त्याच रस्त्यानं, आणि त्यांनी ते काढले नाहीत. "आता ते शहरात लोकांसमोर काचेत राहणार, सर. त्यायले पाहून कोणी नाक मुरडलं असतं तर? आमचे म्हणून कोणी नाक मुरडलं असतं तर?"

माझ्या जगात मळ म्हणजे पुरावा. तिच्या घरानं मळके म्हणवून घेण्यात पिढ्या काढल्या होत्या. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. बज्जी खात 'मातीच माती' म्हणणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच सुचलं नाही.

शांताबाईंनी बुटात हात घातला. आत चाचपडला. "आतलंबी धुतलं?"

"तळवे काढून धुतले. लय काळे होते."

त्यांनी हात बाहेर काढला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मला म्हणाल्या, जणू मीच काही विचारलं होतं, "त्यायच्या बोटायच्या खाचा होत्या आत. मी कदी मदी पेटी उघडून हात घालून पाहो. माही बोटं बरोबर बसत."

प्रज्ञाला हे ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. आई इतकी वर्षं पेटी उघडून काय करते, हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि शांताबाईंनी कधी सांगितलं नव्हतं.

अशा वेळी माणसानं काय करावं? मी तपासणी केली. लाज वाटते, पण मी तेच केलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. करंगळीपाशी नखानं पॉलिश खरवडलं, तर खालून काळा दोरा निघाला. तीन फुल्या, एकमेकींवरून गेलेल्या. फोटोशी तंतोतंत. अंगठ्याखालची झीजही बरोबर. मी मान वर केली आणि दुकानात म्हणतो त्याच आवाजात म्हणालो, "खरे आहेत. अशोकरावांचेच."

"ते मले माईत होतं, दादा," शांताबाई म्हणाल्या.

प्रज्ञा भिंतीकडं तोंड करून रडत होती. शांताबाई उठल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "उगी. तुह्या बापाचं नाव व्हईल. चांगलंच केलं तू." आणि मला म्हणाल्या, "घेऊन जा."

"राहू द्या ताई. तुमच्याकडंच असू द्या."

"काय करू ठेवून? आता त्यात ते नाईत."

मी आणखी एकदोनदा नको म्हणालो. पण गाठोडं त्यांनी माझ्या हातात दिलं तेव्हा मी ते घेतलं. तिथं ठेवून यायला हवं होतं की आणायला हवं होतं, याचा निकाल मी अजून लावू शकलो नाही. एवढं मात्र खरं की ते हातात आल्यावर माझ्या बोटांनी कापडाच्या वरूनसुद्धा ती शिवण शोधली. नाद माणसाला किती हलकट करतो, ते मला त्या घरात कळलं.

निघताना त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. वाटेसाठी भाकरी बांधून दिली. मग वळून प्रज्ञाला विचारलं, "पाणी कुठं सांडलं व?"

"न्हाणीमागं. पपईच्या बुडाशी."

त्या तिकडं गेल्या. मी रस्त्यावरून मागं पाहिलं तेव्हा त्या पपईच्या झाडापाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि तिथली ओली माती हातानं सारखी करत होत्या. प्रज्ञा लांब उभी होती. मला जय भीम म्हणायचंही सुचलं नाही.

नागपूर

बूट कपाटात मधल्या खणात आहेत, दिव्याखाली. खाली अशोकरावांचं पूर्ण नाव, गाव आणि खाणीच्या टीमचा उल्लेख. शेजारी मल्लय्यांच्या फोटोची प्रत. त्यातला उडालेला माणूस पाहून पोरं थांबतात, नाव वाचतात. प्रज्ञाला हवं होतं तेवढं झालं आहे. जाणकार येतात ते मात्र नाक वर करून म्हणतात, "इतके स्वच्छ? तुमची फसगत तर नाही ना झाली?" मी त्यांना शिवण दाखवतो. बाकीचं सांगत नाही.

आता कोणीही बूट पाठवतो म्हटलं की मी 'हॅलो'च्या आधी धुऊ नका म्हणतो. त्याचा आता काय उपयोग, तो तुम्हीच ठरवा. त्या दिवशी बेल्लमपल्लीच्या कठड्यावरून ते एक वाक्य गेलं असतं, तर एक बाई आजही पेटी उघडून नवऱ्याच्या बोटांच्या जागी आपली बोटं ठेवत असती. मीच मध्ये आलो.

गेल्या आठवड्यात मी प्रज्ञाला फोन केला. बूट परत आणून देतो म्हणालो. तिनं आईला विचारलं. शांताबाई नको म्हणाल्या, तिथंच बरे आहेत, लोक पाहतात.

"बाकी कशा आहेत त्या?" मी विचारलं.

"बऱ्या आहेत, सर. कापूस झाला. न्हाणीमागं पपईभोवती विटा मांडल्यात तिनं. तिथं पाणी सांडू देत नाही, भांडे घासू देत नाही. पाय ठेवू देत नाही कोणाले."

मी फोन ठेवायच्या बेतात होतो.

"मलेबी नाई, सर," ती म्हणाली.